अनोळखी जागेचा नकाशा : यंत्रमानवाच्या समकालिक स्थाननिश्चिती व नकाशानिर्मितीचा इतिहास

प्रस्तावना :

नकाशा आणि स्थान यांचे नाते परस्परावलंबी आहे. आपण कोठे आहोत हे कळण्यासाठी हाती नकाशा असावा लागतो. आणि नकाशा काढावयाचा तर काढणारा प्रत्येक क्षणी कोठे उभा आहे हे ठाऊक असावे लागते. ज्या प्रदेशाचा नकाशाच उपलब्ध नाही, अशा प्रदेशात शिरणाऱ्यापुढे या दोहोंपैकी एकही गोष्ट सिद्ध नसते. माणूस या पेचातून सहज वाट काढतो. अनोळखी गावात उतरलेला पाहुणा पिंपळाचा पार, देवळाचा कळस, पाण्याची टाकी अशा खुणा मनात ठेवीत चालतो आणि गल्लीबोळांतून फिरून पुन्हा त्याच पाराशी आला की त्याच्या मनातील गावाचा आराखडा आपोआप दुरुस्त होतो. यंत्राला मात्र हीच गोष्ट साध्य होण्यास अनेक दशके लागली.

स्वतःचे स्थान शोधणे आणि त्याच वेळी सभोवतालचा नकाशा तयार करणे या दुहेरी प्रश्नाला अभियांत्रिकीत ‘समकालिक स्थाननिश्चिती व नकाशानिर्मिती’ असे म्हटले जाते. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो जगभर ‘स्लॅम’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. चालकविरहित वाहने, गोदामातील यंत्रे, घरातील केर काढणारे यंत्र आणि इमारतीच्या आत उडणारे ड्रोन यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. या विषयाकडे सामान्यतः संगणकशास्त्राची एक शाखा म्हणून पाहिले जाते. तथापि त्याचा इतिहास पाहिला असता तो भूमापन, खगोलगणित व संख्याशास्त्र या जुन्या विद्याशाखांशी घट्ट बांधलेला दिसतो. किंबहुना, ‘चूक होणारच, तिचा हिशेब कसा ठेवावा?’ या एका प्रश्नाचा हा इतिहास आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) समकालिक स्थाननिश्चिती व नकाशानिर्मिती या संकल्पनेची ऐतिहासिक पूर्वपीठिका स्पष्ट करणे.
२) १९८६ ते २००१ या कालखंडातील वैचारिक स्थित्यंतराचा आढावा घेणे.
३) या शास्त्राच्या घडणीतील भारतीय संख्याशास्त्रज्ञांच्या कार्याचा संबंध तपासणे.
४) प्रत्यक्ष वापरातील उदाहरणांवरून या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा यांचे मूल्यमापन करणे.

पूर्वपीठिका : त्रिकोणीकरण आणि चुकीचा हिशेब

होकायंत्र आणि वेग मोजण्याची दोरी यांच्या साहाय्याने खलाशी आपल्या स्थानाचा अदमास बांधीत असत. दिशा, वेग व गेलेला वेळ यांवरून केलेल्या या अदमासात एक मूलभूत दोष होता. प्रत्येक टप्प्यावरील लहानशी चूक पुढील टप्प्यात मिसळत जाई. दिशेत केवळ एक अंश चूक झाली तरी शंभर मीटर चालल्यावर मार्ग सुमारे पावणेदोन मीटर बाजूला सरकतो. चालणे जितके लांबेल तितकी ही चूक वाढते, ती कधीही आपणहून कमी होत नाही. यंत्रमानवाची चाके मोजून त्याचे स्थान काढले तर नेमके हेच घडते.

भूमापनाने या दोषावर शोधलेला उपाय महत्त्वाचा आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ सेंट थॉमस माऊंट येथे सुमारे साडेसात मैल लांबीची आधाररेषा मोजली आणि तेथून त्रिकोणांची साखळी सुरू झाली. १८१८ पासून हे कार्य ‘महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण’ या नावाने ओळखले जाऊ लागले. लॅम्ब्टनचा मृत्यू १८२३ मध्ये, हे काम चालू असतानाच, आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते हाती घेतले. या सर्वेक्षणात ज्या शिखरावरून निरीक्षण करावयाचे त्याचे स्थान आधीच्या त्रिकोणांवरून ठरे आणि त्याच शिखरावरून पुढील शिखरांची स्थाने निश्चित होत. म्हणजे स्थान आणि नकाशा हे एकमेकांच्या आधाराने पुढे सरकत. साखळीच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा एक आधाररेषा प्रत्यक्ष मोजली जाई आणि त्रिकोणांवरून गणिताने आलेली लांबी व जमिनीवर मोजलेली लांबी यांची तुलना होई. दोहोंतील तफावत म्हणजे मधल्या सर्व निरीक्षणांतील चुकांची साक्ष होती.

ही तफावत कोठे टाकावयाची, हा खरा प्रश्न होता. ती शेवटच्या त्रिकोणावर लादणे अन्यायाचे ठरले असते. लेजांद्रने १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि गाऊसने १८०९ मध्ये संभाव्यतेच्या पायावर उभी केलेली न्यूनतम वर्ग पद्धती येथे उपयोगी पडली. तफावत सर्व निरीक्षणांत त्यांच्या विश्वासार्हतेच्या प्रमाणात वाटून द्यावी, हे तिचे सार होय. भारताचे त्रिकोणांचे जाळे मात्र इतके मोठे होते की त्याची सर्व समीकरणे हाताने एकाच वेळी सोडविणे अशक्यप्राय होते. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे जाळे पाच विभागांत पाडून एकेका विभागाची समीकरणे एकत्र सोडविण्यात आली. मोठा नकाशा लहान तुकड्यांत सोडवून मग जोडावा ही युक्ती पुढे यंत्रमानवाच्या नकाशासाठीही वापरली गेली.

यंत्रमानवाची पहिली पावले (१९६६ ते १९८५) :

अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६६ ते १९७२ या काळात ‘शेकी’ नावाचा यंत्रमानव विकसित झाला. स्वतःच्या कृतींची योजना आखणारा तो पहिला चलयंत्रमानव मानला जातो. तथापि तो खास तयार केलेल्या दालनांत, मोजक्या आकारांच्या ठोकळ्यांमध्ये वावरत असे. अस्ताव्यस्त जगात काय होते हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील हान्स मोराव्हेक यांच्या प्रयोगातून दिसून आले. १९७९ मध्ये त्यांच्या ‘स्टॅनफर्ड कार्ट’ या गाड्याने खुर्च्यांनी भरलेली एक खोली माणसाच्या मदतीविना ओलांडली. सुमारे वीस मीटरच्या या प्रवासास पाच तास लागले. दर मीटरभर अंतरानंतर गाडा थांबे, कॅमेरा दांडीवर सरकवून नऊ चित्रे घेई आणि पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे गणित करीत राही.

१९८५ मध्ये या विषयाला दोन निरनिराळ्या दिशा मिळाल्या. कार्नेगी मेलन विद्यापीठात मोराव्हेक व अल्बेर्तो एल्फेस यांनी जागेचे लहान चौकोनांत विभाजन करून, प्रत्येक चौकोन भरलेला असण्याची संभाव्यता ध्वनिलहरींच्या आधारे नोंदविण्याची पद्धत मांडली. भिंत ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे न म्हणता ‘असण्याची शक्यता इतकी’ असे म्हणणारा हा नकाशा होता. त्याच वर्षी फ्रान्समधील तुलूज येथे राजा शातिला व जाँ-पॉल लोमाँ यांनी ‘हिलारे’ या यंत्रमानवाच्या संदर्भात स्थाननिश्चिती आणि सुसंगत नकाशा या दोन गोष्टींचा एकत्रित विचार केला. चूक लपविण्याऐवजी ती नकाशातच नोंदवावी हा विचार येथे प्रथम स्पष्टपणे दिसू लागतो.

प्रश्नाची मांडणी आणि नामकरण (१९८६ ते १९९५) :

१९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या यंत्रमानवशास्त्राच्या परिषदेला या इतिहासात उगमस्थानाचे महत्त्व आहे. पीटर चीझमन, जिम क्राउली, ह्यू ड्युरंट-व्हाइट, राजा शातिला, ऑलिव्हिए फॉजेरा, रँडल स्मिथ आदी संशोधकांत तेथे दीर्घ चर्चा झाल्या. परिषदेच्या मेजावरील कागदी रुमालांवरही समीकरणे लिहिली गेली, अशी आठवण ड्युरंट-व्हाइट यांनी पुढे नमूद केली आहे. सुसंगत नकाशा हा संभाव्यताशास्त्राचा मूलभूत प्रश्न आहे, ही जाणीव या चर्चेतून निर्माण झाली.

स्मिथ, सेल्फ व चीझमन यांनी यानंतर मांडलेली कल्पना समजून घेणे आवश्यक आहे. यंत्रमानव एका जागी उभा राहून दोन खांब पाहतो, असे समजू. त्याला स्वतःच्या स्थानाविषयी अर्ध्या मीटरची शंका असेल, तर दोन्ही खांबांच्या स्थानातही ती शंका उतरेल. मात्र दोन्ही खांबांत उतरलेली चूक एकच आहे; कारण ती एकाच ठिकाणाहून आलेली आहे. म्हणून प्रत्येक खांब नेमका कोठे आहे हे जरी ठाऊक नसले, तरी त्या दोघांमधील अंतर बऱ्याच अचूकपणे ठाऊक असते. संख्याशास्त्राच्या भाषेत, खुणांच्या स्थानांतील चुका परस्परसंबंधित असतात. हा संबंध हिशेबात धरावयाचा असेल तर प्रत्येक खुणेचा प्रत्येक खुणेशी असलेला संबंध नोंदवावा लागतो. शंभर खुणांच्या सपाट नकाशासाठी यंत्राच्या स्थान-दिशेसह २०३ राशी होतात आणि त्यांच्या परस्परसंबंधांचा तक्ता ४१,२०९ रकान्यांचा होतो. खुणा हजार झाल्या की हाच तक्ता चाळीस लाखांवर जातो. त्या काळच्या संगणकांना हा भार पेलणारा नव्हता.

या भारामुळे पुढील काही वर्षे संशोधनाची दिशा बदलली. हा तक्ता सतत ताजा ठेवण्याचे साधन उपलब्ध होते. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडलेला आणि अपोलो यानाच्या मार्गदर्शनात उपयोगी पडलेला ‘काल्मन फिल्टर’ हे ते साधन होय. परंतु गणित आवरण्यासाठी खुणांमधील संबंध तोडावेत, प्रत्येक खुणेचा वेगळा विचार करावा, याकडे संशोधकांचा कल झुकला. जॉन लेनर्ड व ड्युरंट-व्हाइट यांनी ऑक्सफर्ड येथे १९९१ मध्ये ध्वनिलहरींच्या आधारे स्थान व नकाशा एकत्रितपणे काढण्याचा जो प्रश्न मांडला, त्याच्या सोडवणुकीतही अशा सुलभीकरणाचा आधार घ्यावा लागला. नकाशातील चुका वाढतच जातील, त्या कधी स्थिरावणार नाहीत, असा सर्वसाधारण समज होता.

हा समज चुकीचा ठरला, ही या इतिहासातील सर्वात महत्त्वाची घटना होय. नकाशा व स्थान यांचा एकत्र विचार केल्यास उत्तर स्थिरावते, आणि ज्या परस्परसंबंधांना अडचण मानून तोडले जात होते तेच उत्तराचे मूळ आहेत, हे १९९० च्या दशकाच्या मध्यास लक्षात आले. यंत्रमानव फिरून पुन्हा पहिल्या खांबाशी आला आणि त्याची स्वतःविषयीची शंका कमी झाली, की ती दुरुस्ती संबंधांच्या धाग्यांवरून मागे जाते आणि न दिसणाऱ्या, दूर राहिलेल्या खांबांची स्थानेही सुधारते. धागे तोडले तर ही दुरुस्ती पोहोचणारच नाही. ‘स्लॅम’ हे नाव १९९५ च्या आंतरराष्ट्रीय यंत्रमानव-संशोधन परिसंवादातील एका निबंधात प्रथम योजले गेले. योगायोगाने याच वर्षी अमेरिकेची उपग्रहाधारित स्थाननिश्चिती प्रणाली पूर्णपणे कार्यान्वित झाली. तथापि इमारतीच्या आत, जमिनीखाली, पाण्याखाली आणि परग्रहावर उपग्रहाचे संकेत उपयोगी पडत नाहीत. त्यामुळे नव्या शास्त्राचे प्रयोजन त्या प्रणालीने संपले नाही.

भारतीय संख्याशास्त्राचा संबंध :

या शास्त्राच्या गणिती पायात दोन भारतीय नावे ठळकपणे येतात. पहिले नाव प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे. समोर दिसणारा खांब मघाशी पाहिलेलाच आहे की नवा, हा यंत्रमानवापुढील नित्याचा प्रश्न असतो. ओळख चुकली तर संपूर्ण नकाशा पिळवटला जातो. केवळ मीटरमध्ये अंतर मोजून हा निर्णय करता येत नाही. ज्या दिशेने शंका अधिक आहे त्या दिशेचे एक मीटर अंतर क्षम्य असते; ज्या दिशेने शंका अल्प आहे त्या दिशेचे तेवढेच अंतर संशयास्पद ठरते. अनिश्चितता व परस्परसंबंध यांचे भान ठेवून अंतर मोजण्याची रीत महालनोबिस यांनी १९३६ मध्ये सिद्ध केली. तिचे मूळ कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन समाजाच्या शरीरमापनांच्या अभ्यासात होते. मानवसमूहांतील साम्यभेद मोजण्यासाठी निर्माण झालेले हे ‘महालनोबिस अंतर’ जगभरच्या यंत्रमानवांत खुणांची ओळख पटविण्यासाठी वापरले जाते.

दुसरे नाव सी. आर. राव यांचे. त्यांनी १९४५ मध्ये, वयाच्या पंचविशीत, कलकत्ता येथे प्रसिद्ध केलेल्या निबंधातील एक निष्कर्ष व डेव्हिड ब्लॅकवेल यांचे १९४७ मधील कार्य मिळून ‘राव-ब्लॅकवेल प्रमेय’ सिद्ध झाले. उपलब्ध माहितीचा जो भाग नेमक्या गणिताने सोडविता येतो तो तसाच सोडवावा, म्हणजे अंदाजातील चढउतार कमी होतात, असा त्याचा व्यावहारिक अर्थ आहे. मायकेल मॉन्टेमेर्लो, सेबास्टियन थ्रुन, डॅफ्नी कोलर व बेन वेगब्राइट यांनी २००२ मध्ये मांडलेली ‘फास्टस्लॅम’ ही पद्धती याच तत्त्वावर उभी आहे. यंत्रमानव ज्या मार्गांनी गेला असू शकेल असे अनेक मार्ग गृहीत धरावयाचे. एकदा मार्ग गृहीत धरला की खुणांच्या चुका एकमेकांपासून स्वतंत्र होतात आणि प्रत्येक खूण वेगळी सोडविता येते. सिडनीतील व्हिक्टोरिया पार्कमध्ये फिरविलेल्या वाहनाच्या नोंदींवर ही पद्धती तपासली गेली. तेथील झाडे याच नकाशातील खुणा होत्या. राव वा महालनोबिस यांच्यासमोर यंत्रमानव नव्हता. परंतु मूलभूत संशोधनाचे उपयोजन कोणत्या क्षेत्रात आणि किती वर्षांनी होईल हे आधी सांगता येत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

उत्तर आणि आक्षेप (२००१) :

२००१ हे वर्ष या विषयाच्या इतिहासात विशेष लक्षणीय आहे. सिडनी विद्यापीठातील गामिनी डिसानायके व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रश्नाचे उत्तर अस्तित्वात असल्याचे गणिताने दाखविले. यंत्र जसजसे पाहत जाईल तसतशी नकाशाची अनिश्चितता घटत जाईल आणि एका किमान मर्यादेशी स्थिरावेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. ती मर्यादा प्रवासाच्या आरंभी यंत्राला स्वतःच्या स्थानाविषयी जी शंका होती तिच्यावर अवलंबून असते.

त्याच वर्षी सायमन ज्युलियर व जेफ्री उलमन यांनी या सिद्धान्ताला प्रतिउदाहरण मांडले. वरील सिद्धता रेषीय समीकरणांसाठी आहे. प्रत्यक्षात यंत्रमानव वळतो आणि वळणाचे गणित रेषीय नसते. अशा वेळी प्रचलित पद्धती आपली चूक प्रत्यक्षापेक्षा कमी दाखविते, म्हणजे ती अतिआत्मविश्वासू बनते, असे त्यांनी दाखवून दिले. हा वाद केवळ तांत्रिक नाही. नकाशात चूक असणे ही एक गोष्ट आणि नकाशाने ‘माझ्यात चूक नाही’ असे सांगणे ही दुसरी. पहिलीपासून सावध राहता येते. दुसरीपासून राहता येत नाही.

यावर पुढे निघालेला मार्ग आश्चर्यकारकरीत्या जुन्या भूमापनाकडे नेणारा ठरला. फेंग लू व इव्हान्जेलोस मिलिओस यांनी १९९७ मध्येच असे सुचविले होते की, यंत्रमानवाच्या केवळ सद्यःस्थानाचा नव्हे तर तो जेथे जेथे थांबला त्या सर्व स्थानांचा हिशेब ठेवावा, त्यांच्यातील निरीक्षणांचे जाळे उभारावे आणि न्यूनतम वर्ग पद्धतीने ते एकत्र सोडवावे. आरंभी ही पद्धत अतिशय मंद मानली गेली. मात्र प्रत्येक स्थानाचा थेट संबंध मोजक्याच स्थानांशी असतो. त्यामुळे समीकरणांच्या तक्त्यातील बहुतेक रकाने शून्य असतात. या विरळपणाचा लाभ घेणाऱ्या पद्धती २००६ नंतर विकसित झाल्या आणि जाळ्याची पद्धत सर्वमान्य झाली. लॅम्ब्टन व एव्हरेस्ट यांच्या त्रिकोणांचे जाळे आणि यंत्रमानवाच्या स्थानांचे जाळे यांत गणिताच्या दृष्टीने फारसा फरक उरला नाही.

खाणीतील कसोटी :

नकाशाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न माणसाच्या जीवाशी कसा निगडित असतो, हे एका घटनेवरून स्पष्ट होते. २४ जुलै २००२ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील क्वीक्रीक कोळसा खाणीत काम करणाऱ्या कामगारांनी नकळत शेजारच्या, फार पूर्वी बंद पडलेल्या सॅक्समन खाणीची भिंत फोडली. जुन्या खाणीत पाणी साचलेले होते. त्यांच्याजवळील नकाशाप्रमाणे ती खाण तेथून बरीच दूर असावयास हवी होती; तो नकाशा अपुरा होता. पाण्याचा लोंढा आत आला आणि नऊ कामगार अडकले. सुमारे ७७ तासांनंतर, २८ जुलै रोजी, जमिनीतून छिद्र पाडून नऊही जणांना जिवंत बाहेर काढण्यात आले. साचलेले पाणी खाणीत शिरल्याने होणारे अनर्थ भारतालाही अपरिचित नाहीत. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला खाणीत पाणी शिरून साडेतीनशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले होते.

क्वीक्रीकच्या घटनेनंतर कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी बंद खाणींचे नकाशे काढण्यासाठी ‘ग्राउंडहॉग’ हा यंत्रमानव तयार केला. जेथे माणसाला पाठविणे धोक्याचे, जेथे उपग्रहाचा संकेत नाही आणि जेथील जुन्या नकाशावर विश्वास ठेवता येत नाही, अशी ती जागा होती. मे २००३ मध्ये तो मॅथीज या बंद खाणीत स्वयंचलितपणे उतरला. सुमारे ३०० मीटर आत गेल्यावर मोडून लोंबणारा छताचा आधार आडवा आला आणि पुढे जाता येणार नाही हे यंत्राने स्वतः ओळखले. खाणीतील बोगदे एकसारखे दिसतात व एकमेकांना छेदत जातात. त्यामुळे ‘येथे आपण आधी येऊन गेलो आहोत का?’ हा प्रश्न तेथे सर्वाधिक कठीण होतो. संग्रहालयात प्रेक्षकांना वाट दाखविणाऱ्या यंत्रमानवांपेक्षा, म्हणजे बॉन येथील १९९७ चा ‘ऱ्हायनो’ किंवा वॉशिंग्टन येथील १९९८ चा ‘मिनर्व्हा’ यांच्यापेक्षा, ही परीक्षा निराळ्याच तोलाची होती.

हीच परीक्षा पुढे अमेरिकी संरक्षण संशोधन यंत्रणेने २०१८ ते २०२१ या काळात भूगर्भातील स्पर्धेच्या रूपाने घेतली. भुयारांत ठेवलेल्या वस्तू शोधून त्यांचे स्थान कळवावयाचे होते आणि कळविलेले स्थान प्रत्यक्ष स्थानापासून पाच मीटरच्या आत असेल तरच गुण मिळत. केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे सप्टेंबर २०२१ मध्ये झालेल्या अंतिम फेरीत पहिल्या दोन संघांचे गुण समान, म्हणजे २३ झाले. अखेरचा गुण आधी मिळविणारा ‘सर्बेरस’ संघ विजयी ठरला. चालणारी व उडणारी यंत्रे येथे एकत्र काम करीत होती.

कॅमेरा आणि ड्रोन :

लेसर अंतरमापक जड व महाग असल्याने लहान उडत्या यंत्रांना ते पेलत नव्हते. अँड्र्यू डेव्हिसन यांनी २००३ मध्ये एकाच साध्या कॅमेऱ्याच्या आधारे, प्रत्यक्ष वेळेत, स्थान व नकाशा काढून दाखविला. २००७ मध्ये ऑक्सफर्डमधील जॉर्ज क्लाइन व डेव्हिड मरे यांनी स्थान ठरविणे व नकाशा सुधारणे ही कामे संगणकाच्या दोन स्वतंत्र प्रवाहांत विभागली. स्थान दर चित्राला तत्काळ हवे असते. नकाशा थोडा सावकाश सुधारला तरी चालतो, हे साधे निरीक्षण त्यामागे होते. २०१५ मध्ये स्पेनमधील सारागोसा येथून ‘ऑर्बस्लॅम’ ही पद्धती पुढे आली. कॅमेऱ्याला त्वरणमापकाची जोड मिळाल्यावर ड्रोन इमारतीच्या आत स्वतःची वाट काढू लागले. २०११ च्या जपानमधील भूकंपानंतर सेंदाई येथील तडे गेलेल्या एका इमारतीचा नकाशा जमिनीवरील व हवेतील यंत्रमानवांनी मिळून काढला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील विजय कुमार यांचा गट त्या कार्यात सहभागी होता.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ड्रोनने काढलेला प्रत्येक नकाशा या पद्धतीचा नसतो. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रातील गावठाणांसह देशभरातील गावांचे ड्रोनद्वारे मापन हाती घेतले. तेथे आकाश मोकळे असते आणि स्थान उपग्रह व जमिनीवरील संदर्भकेंद्रे यांवरून ठरते. नकाशा त्यानंतर तयार होतो. समकालिक पद्धतीची गरज जेथे असा बाह्य आधार उपलब्ध नाही तेथे भासते. मात्र घराच्या हद्दीची मिळकत पत्रिका असो वा खाणीचा आराखडा, रेषेच्या अचूकतेवर कोणाचे तरी हित अवलंबून असते, ही गोष्ट दोन्हींकडे समान आहे.

मर्यादा : मंगळावरील एक उदाहरण

ज्या जागेत ओळखण्याजोगे काहीच नाही तेथे ही संपूर्ण विचारसरणी अडखळते. ‘इन्जेन्युइटी’ या नासाच्या लहान हेलिकॉप्टरने १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर पहिले उड्डाण केले. पाच उड्डाणांसाठी आखलेल्या या यंत्राने ७२ उड्डाणे पूर्ण केली. ते संपूर्ण नकाशा बाळगीत नसे. खाली रोखलेल्या कॅमेऱ्यातून जमिनीवरील खडे व उंचवटे टिपून त्यांच्या सरकण्यावरून ते आपला वेग व स्थान काढी. १८ जानेवारी २०२४ रोजीच्या अखेरच्या उड्डाणात ते वाळूच्या जवळजवळ एकजिनसी लाटांवर पोहोचले. टिपण्याजोग्या खुणा पुरेशा मिळाल्या नाहीत, वेगाचा अंदाज चुकला आणि उतरताना पाती मोडली, असा निष्कर्ष नंतरच्या तपासात काढण्यात आला. वाळवंटात वाट चुकलेल्या प्रवाशाची आणि या यंत्राची अडचण एकच होती.

निष्कर्ष :

१) समकालिक स्थाननिश्चिती व नकाशानिर्मिती हा प्रश्न यंत्रमानवाच्या निमित्ताने नव्याने मांडला गेला असला, तरी त्याचे गणित भूमापनातील त्रिकोणीकरण व न्यूनतम वर्ग पद्धती यांच्याशी थेट जोडलेले आहे.
२) १९८६ ते १९९५ या काळातील मुख्य स्थित्यंतर हे यंत्रसामग्रीचे नसून दृष्टिकोनाचे आहे. चुकांमधील परस्परसंबंध ही अडचण नसून तोच दुरुस्तीचा मार्ग आहे, हे त्या काळात उमगले.
३) महालनोबिस व राव यांचे कार्य या शास्त्राच्या पायाशी आहे. मूलभूत संशोधनाचे मूल्य तात्कालिक उपयुक्ततेवरून ठरविता येत नाही, हे त्यावरून सिद्ध होते.
४) २००१ मधील वादाने अधोरेखित केलेला अतिआत्मविश्वासाचा धोका हा या पद्धतीपुढील कायमचा प्रश्न आहे.
५) ओळखण्याजोग्या खुणांचा अभाव ही या पद्धतीची मूलभूत मर्यादा आहे.

समारोप :

क्वीक्रीकच्या कामगारांच्या हाती नकाशा होता. परंतु तो कोठवर खरा आहे हे सांगणारे त्यावर काहीच नव्हते. समकालिक स्थाननिश्चिती व नकाशानिर्मितीच्या शास्त्राने गेल्या चार दशकांत नकाशाला जे दिले ते हेच होय. प्रत्येक रेषेसोबत तिच्याविषयीची शंकाही नोंदविण्याची शिस्त त्याने लावली. स्वयंचलित यंत्रे रस्त्यांवर, रुग्णालयांत आणि शेतांवर येत असताना त्यांच्या वेगाची व चतुराईची चर्चा पुष्कळ होते. ती यंत्रे आपली चूक किती प्रामाणिकपणे मोजतात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या शास्त्राचा इतिहास तो प्रश्न प्रथम विचारण्यास सांगतो.